मैदानाबाहेरचा वाचक

खेळाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारी माणसे खेळांवरील जपानी चित्रकथा, म्हणजेच मांगा, तहानभूक विसरून वाचतात. यात वाटतो तितका विरोध नाही.

१९६६ ते १९७१ या काळात जपानी साप्ताहिकात प्रसिद्ध झालेली ‘क्योजिन नो होशी’ ही मांगा बेसबॉलवर होती. तिच्या आधारे २०१२ मध्ये भारतात ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही ॲनिमेशन मालिका आली, तेव्हा बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले आणि कथा मुंबईत घडू लागली. मुलाच्या अंगाला स्प्रिंगा बांधून सराव करून घेणारा जपानी बाप येथे सायकलच्या ट्यूब बांधू लागला. खेळ बदलला, तरी कथा उभी राहिली. कारण बापाची अपुरी राहिलेली महत्त्वाकांक्षा आणि तिच्या ओझ्याखालचे मुलाचे बालपण हा तिचा कणा होता. (अशा बापाला आदर्श मानावे का, हा प्रश्न वेगळा.)

मग खेळ केवळ निमित्त का? तसेही नाही. ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’चा नायक एका मुलीवर छाप पाडण्यासाठी बास्केटबॉलच्या संघात शिरतो. त्याला खेळाचे काहीच ठाऊक नसते. वाचक त्याच्याबरोबरच शिकतो. शाळेच्या मैदानावर अशा नवशिक्याला सहसा कडेला बसवले जाते. येथे तोच मध्यभागी असतो. शिवाय चेंडू हवेत असतानाचा क्षण चित्रकार पानेच्या पाने थांबवून धरतो, आणि दूरचित्रवाणीवर निसटून जाणारी भीती, ईर्षा, लागलेली धाप नजरेत भरते. अखेरच्या सामन्याच्या शेवटच्या क्षणांत तर संवादच नाहीत. गुणफलकाशी ज्याला काही देणेघेणे नसते, तोही तेथे श्वास रोखून पान उलटतो.