आगबोटीवरचा परवानाधारक आणि काठावरचा तळीराम

'एकच प्याला' वर्गात शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : तळीरामाला आजच्या कायद्याने शिक्षा झाली असती काय? आमचे ठरलेले उत्तर असे की, तो कोठे उभा राहून पितो यावर ते अवलंबून आहे. वर्ग हसतो. आम्हीही इतकी वर्षे हे उत्तर विनोदापुरतेच देत होतो. पुढे एकदा कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले, तेव्हा ते शब्दशः खरे असल्याचे ध्यानात आले.

१९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालतो. (तो झाला तेव्हा उमरखेड मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि कालांतराने हा कायदाही आमच्याकडे आला.) नाव बंदीचे, परंतु त्याचा मोठा भाग परवान्यांचा आहे. त्यात कलम ३७ रेल्वेचे भोजनाचे डबे आणि किनाऱ्यालगत धावणाऱ्या आगबोटी यांच्यासाठी आहे. कलम ३८ जहाज कंपन्या आणि जहाजांचे कप्तान यांच्यासाठी, तर कलम ३९ युद्धनौका, सैनिकांना नेणारी जहाजे आणि सेनादलांची भोजनगृहे यांच्यासाठी. साऱ्या राज्याला निर्व्यसनी करू निघालेला कायदा पाण्याशी येऊन इतका मऊ का होतो, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

परदेशी जाणाऱ्या जहाजापुरते उत्तर सोपे आहे. ते बाहेरून येते, बाहेर जाते, त्यावरचा उतारू दुसऱ्या देशाचा असू शकतो. प्रशासनाची अडचण आम्ही समजू शकतो. किनाऱ्याच्या आगबोटीला मात्र हे लागू पडत नाही. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेणारी बोट त्याच राज्याच्या अंगाला घासून जात असे. तिच्या डेकवर बोचकी उशाशी घेऊन पसरलेला गिरणी कामगार आणि वरच्या वर्गाचा प्रवासी यांना वारा एकच लागत होता. पण विदेशी मद्याचा परवाना पदरी बाळगण्याची ऐपत आणि सवय कोणाची, हे सांगायला नको. तरतुदीत वर्गाचा उल्लेख नाही. तो 'विदेशी मद्य' आणि 'परवानाधारक' या दोन शब्दांत आहे.

हा कायदा न्यायालयात गेला, ते प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकराने अधिनियमाला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली निकाल दिला. युद्धनौका आणि सैनिकी भोजनगृहांना दिलेली सवलत हे वाजवी वर्गीकरण आहे, भेदभाव नव्हे, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालात मादक पदार्थाची 'प्रशंसा' करणे हा गुन्हा ठरवणारा भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द झाला. तो राहिला असता तर माधव जूलियनांच्या 'द्राक्षकन्ये'चे काय झाले असते, असा विचार मनात येऊन जातो. असो.

आमचा मुद्दा वर्गीकरणाचाच आहे. मात्र न्यायालयाच्या नव्हे, भाषेच्या. गडकऱ्यांनी तळीराम हे विशेषनाम दिले आणि मराठीने त्याचे सामान्यनाम केले. वृत्तपत्रांत नाक्यावर पिऊन पडलेला माणूस 'तळीराम' असतो, नाकाबंदीत सापडलेला दुचाकीस्वारही 'तळीराम'च. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा अशी 'आंग्रिया' ही पर्यटननौका सुरू झाली. तिच्यावर मद्यालये होती, बातम्यांत त्यांचे कौतुकही होते. पण तेथे बसणाऱ्याला कोणी तळीराम म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. तो 'पर्यटक' होता. गंमत अशी की, मूळ नाटकातला तळीराम काही एकटा रस्त्यावर पडणारा इसम नाही. तो आर्यमदिरामंडळ चालवणारा, सभासद जमवणारा मनुष्य आहे. बोटीवरचे मद्यालय त्याला अधिक शोभले असते. भाषेने त्याला नाक्यावर आणून बसवले, यात गडकऱ्यांचा दोष नाही.

समुद्राचा विषय सोडून नदीकडे येऊ. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदी आहे. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या सहा वर्षांत अलीकडच्या काठावर कायदेशीर असलेली बाटली डोंग्यातून पलीकडे गेली की गुन्हा होई. म्हणजे पाणी येथेही कायदा बदलत होते, फक्त उलट्या दिशेने. आगबोटीच्या उताऱ्याला पाण्याने सवलत दिली, डोंग्यातल्या माणसाला तुरुंग. आम्ही चोरट्या वाहतुकीचे समर्थन करीत नाही. पाण्यावरचा प्याला धोरणकर्त्यांना कोणाच्या हातात सुसंस्कृत दिसतो, एवढेच नोंदवतो.

हे सारे मनात घोळते ते आमच्याकडच्या बायकांमुळे. यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीची मागणी वारंवार केली आहे. गावातले दुकान बंद करायचे तर मतदान होते. उभी बाटली की आडवी बाटली. शासनाच्या २००८ च्या आदेशाने गावासाठी अट घातली ती अशी की, यादीतील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, यादीच्या निम्मी. ऊसतोडीला गेलेली, वीटभट्टीवर असलेली, लग्न होऊन परगावी गेली तरी नाव न निघालेली, एवढेच काय यादीत उरलेली मृत स्त्रीसुद्धा, अशा रीतीने उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार-खासदार निवडताना आपण ही अट घालत नाही. घातली तर किती जण सभागृहात पोहोचतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

याउलट बोटीवर प्याला भरायला काय लागते? अर्ज, शुल्क आणि अधिकाऱ्याची सही. डेकवर झोपलेल्यांचे मत कोणी विचारीत नाही.

पर्यटननौकेवर मद्य मिळू नये, असे आमचे म्हणणे नाही; त्या बाबतीत आम्ही कर्मठ नाही. मात्र जो कायदा उताऱ्याच्या क्षणिक इच्छेला एका सहीत मान देतो, त्याने गावच्या बाईच्या मागणीला मतपेटीत पडलेल्या मतांचे साधे बहुमत तरी पुरेसे मानावे. अट बदलण्याचा प्रस्ताव कधी पुढे आला, तर तो महसुलाच्या तक्त्याखाली दाबला जाऊ नये, एवढी आमची अपेक्षा आहे.

यंदा 'एकच प्याला' शिकवताना कलम ३७ आणि २००८ चा आदेश, दोन्हींचा मजकूर आम्ही वर्गात वाटला. एका विद्यार्थिनीने दोन्ही वाचून विचारले, "सर, नाटकातल्या सिंधूला मत असते तर ती मतदानाला जाऊ शकली असती का?" तास संपला होता. पाचव्या अंकात तिची अवस्था काय आहे ते पुन्हा वाचून या, असे सांगून आम्ही वर्ग सोडला.