धूळ किती ते पुरे, कसली ते सांगा

पुण्याहून मेहुण्याचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं, "तुमचं काय बुवा, न्यूझीलंडची हवा!" मी हल्ली वाद घालत नाही. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी क्राइस्टचर्चला ये, एवढंच म्हणतो. वारा पडलेला, गार हवा जमिनीलगत कोंडलेली आणि घरोघरी लाकडाच्या शेगड्या. गावाकडच्या चुलीची आठवण येते, डोळेही तसेच चुरचुरतात.

इथे २००४ साली नियम झाला: दहा मायक्रॉनपर्यंतचे कण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवर जाता कामा नयेत, वर्षात एकच दिवस माफ. चांगलंच आहे. पण वजनकाट्याला समुद्राचं मीठ आणि लाकडाचा धूर सारखेच. ऑकलंडच्या हवेत मीठ भरपूर, ते कोण बंद करणार? आणि शास्त्रज्ञांनी फिल्टरवरच्या कणांतली मूलद्रव्यं तपासली, तेव्हा हिवाळ्यातल्या धुरात चक्क आर्सेनिक निघालं! कीड लागू नये म्हणून आर्सेनिक मुरवलेलं बांधकामाचं लाकूड लोक शेगडीत घालत होते. नुसत्या वजनावरून हे जन्मात कळलं नसतं.

फिल्टरच्या तपासणीला वेळ लागतो. पण आता अशी यंत्रं आहेत की कण निर्वातात ओढून सुमारे ६०० अंशांच्या तप्त पृष्ठभागावर आपटायचे, वाफेतल्या तुकड्यांची वस्तुमानं मोजायची, आणि काही मिनिटांत सल्फेट, नायट्रेट, सेंद्रिय पदार्थ वेगवेगळे हजर. लाकूड जळताना लेव्होग्लुकोसान बनतं, त्याची खूण ६० या वस्तुमानाला दिसते. म्हणजे चोर अंगणात असतानाच सापडतो. (काजळी, माती आणि मीठ मात्र या यंत्राला नीट दिसत नाहीत, त्यासाठी दुसरी यंत्रं. महाग प्रकरण आहे, मान्य.)

पण आपल्याकडे पैसा कशावर जातो? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, आणि शहरांची प्रगती मोजली गेली ती मुख्यतः त्याच दहा मायक्रॉनच्या वजनावर. मग महापालिका काय करणार? रस्त्यावर पाणी मारणार! २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई धुरकटली तेव्हाही फवारेच. पाण्याने माती बसते, आकडा उतरतो. कचऱ्याचा धूर, डिझेलची काजळी, वायूंपासून हवेतच तयार होणारं सल्फेट रस्ता धुऊन जात नाही. आणि फुप्फुसात खोलवर पोचतात ते हेच बारीक कण.

आपल्याकडे विद्या नाही म्हणावं, तर 'सफर' चालवणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यात पाषाणलाच आहे!

मेहुण्याला म्हटलं, वॉर्ड ऑफिसात जाऊन विचार की आमच्या हवेत नक्की काय जळतंय. तो म्हणाला, "ते उद्या दारात टँकर पाठवतील."