निधान होगरी!

आमच्या घरात रोजचा व्यवहार मराठीत चालतो; पण धोक्याचे इशारे मात्र कानडीत येतात. सौ. धारवाडची. मोटारीत माझ्या शेजारी बसली की तिचा एकच मंत्र सुरू होतो, ''निधान होगरी!'' म्हणजे जरा सावकाश चला. 1990 मध्ये लग्न झाल्यापासून हा मंत्र मी ऐकतो आहे. मंत्र तोच राहिला, गाड्या मात्र एकीपेक्षा एक वेगवान येत गेल्या.

सुरुवात झाली ती वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीपासून. 1089 सीसीचं इंजिन, चाळीसएक अश्वशक्ती, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. अठराव्या वर्षी मी कॅम्पातल्या शांत रस्त्यांवर तिच्यावर हात बसवला. काकतीच्या पुढे काटा 80 वर गेला की दारं खडखडायची, स्टिअरिंग थरथरायचं आणि मागे बसलेली आजी डोळे मिटून नामस्मरणाला लागायची. विमान उडवल्याचा आनंद व्हायचा!

लग्नाच्या वर्षी मारुती 800 आली. इंजिन अवघं 796 सीसीचं, पण गाडी इतकी हलकी की वंटमुरी घाटाच्या चढावर पद्मिनीची आठवणसुद्धा येईना. मग सात वर्षांनी 1300 सीसीची एस्टीम घेतली, तीही दुसऱ्या हाताची. दरम्यान 1999 मध्ये सुवर्ण चतुर्भुज योजना सुरू झाली आणि आमचा पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी होऊ लागला. रस्ता रुंदावला तशी माझी हावही रुंदावली. 106 अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक घरात आली. इंजिनाचे फेरे वाढले की तिच्या झडपांची उघडझाप बदलते आणि गाडी नव्यानं जोर धरते. तो क्षण अनुभवण्यासाठी मी भाजी आणायलाही हायवेनं जात असे. शेवटी 2009 मध्ये टर्बो इंजिनाची, 150 अश्वशक्तीची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली. मित्र म्हणाले, ''आता पुढं काय? विमान?''

उत्तर मिळालं 2011 च्या जानेवारीत. कोल्हापूरचं लग्न आटोपून रात्री परतत होतो. मागच्या सीटवर लेक झोपलेली. निपाणी गेली, तवंदी घाट उतरलो आणि रस्ता मोकळा मिळाला. गाडीत इतकी शांतता की काटा 120 वर गेल्याचं कळलंही नाही. सौ. म्हणाली, ''निधान होगरी.'' मी नेहमीसारखा ''हूं'' म्हणालो. तेवढ्यात दिव्यांच्या उजेडात समोर काळा डोंगर उभा राहिला. उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, गाडी उजवीकडे ओढली. आरशाला उसाची पानं घासून गेली. पुढच्या ढाब्यावर थांबलो तेव्हा पाय लटपटत होते. सौ. एक शब्दही बोलली नाही. लेकीनं झोपेतच विचारलं, ''बाबा, घर आलं?''

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हिशेब मांडला. ताशी 60 किलोमीटर वेगात, ब्रेक दाबायला लागणारा एक सेकंद धरून, गाडी सुमारे 35 ते 40 मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट म्हणजे 120 झाला की अंतर दुप्पट नव्हे, तिप्पट होतं. 110 मीटरच्या आसपास. कारण प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गानं, म्हणजे चौपट वाढतं. आणि खाली केलेल्या दिव्यांचा उजेड पोचतो जेमतेम पन्नास-साठ मीटर. म्हणजे त्या रात्री मी डोळे मिटून गाडी हाकत होतो म्हणा ना. वाचलो ते शेजारची लेन रिकामी होती म्हणून.

आणखी एक गोष्ट उमगली. पद्मिनी 80 ला गेली की सगळी गाडीच ओरडून सांगायची, ''पुरे!'' नव्या गाड्या अशा ओरडत नाहीत. त्यांची भीती सुखासनात गुंडाळलेली असते. पद्मिनीत जो थरार 80 ला मिळत होता, तोच मिळवायला मला 140 पर्यंत जावं लागत होतं. थरार तेवढाच, धोका मात्र कितीतरी मोठा.

ऑक्टाव्हिया पुढच्याच वर्षी विकली. गाडी चालवण्याचा षोक सुटलेला नाही. पहाटे चोर्ला घाटाची वळणं नेमक्या गियरमध्ये घेण्यात आजही तेच सुख मिळतं, आणि त्याला ताशी 40 पुरतात. पण गळिताच्या हंगामात अंधार पडल्यावर हायवेला जायचं नाही, हा घरचा कायदा झाला आहे. ट्रॅक्टरवाल्या बंधूंनाही हात जोडून विनंती आहे, ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर तेवढा लावा.

आपल्या भागातल्या रस्त्यांवर 'अति घाई संकटात नेई' आणि 'अवसरवे अपघातक्के कारण' अशा दोन्ही पाट्या आढळतात. मला दोन्ही भाषा वाचता येत होत्या. कळायला मात्र पन्नाशी जवळ यावी लागली.