मी पडलोच नाही मुळी!

अभ्यास, क्लास, गृहपाठ चालूच असेल. पण आज त्याचं नाव काढायचं नाही. आज गप्पा मांजरांच्या. त्याही पुस्तकातल्या मांजरांच्या नाहीत बरं का! पुस्तकातलं मांजर कसं चपळ, डौलदार, दबा धरून बसणारं, अगदी वाघाची मावशी शोभेल असं असतं. आमच्या घरची दोन मांजरं वाघाला दाखवली, तर तो म्हणेल, "छे छे, ही आमच्या नात्यातली नव्हेत."

त्यातला पहिला ढब्बू. नारिंगी रंगाचा, गुबगुबीत बोका. ढब्बूला कुठेही उडी मारायची फार हौस. अडचण एकच, उडी कुठे संपणार याचा विचार तो हवेत गेल्यावर करतो. एकदा त्याने थेट टीव्हीवर उडी मारली. आता हल्लीचे टीव्ही असतात दोन बोटं जाडीचे! ढब्बूचे पुढचे पाय वर टेकले, मागचे लोंबकळत राहिले आणि बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यासमोर दोन मिनिटं नुसती शेपटी हलत होती. टीव्ही भिंतीला पक्का ठोकलेला होता म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावरून निघाला तो पोचला कणकेच्या उघड्या डब्यात. बाहेर आला तेव्हा नखशिखान्त पांढरा. माझी आई देवपूजा आटोपून आली आणि म्हणाली, "अगं, हा कुणाचा बोका शिरलाय घरात? हाकल त्याला!" आणि खिडकीच्या काचेपलीकडच्या पारव्यावर तो किती वेळा झेपावला असेल, याची मोजदादच नाही. काचेवर धप्पकन आवाज होतो. पारवा मान वळवूनही बघत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. पडल्यावर ढब्बू काय करतो माहितीय? शांतपणे बसतो, एक पंजा उचलतो आणि चाटायला लागतो. जणू सांगतोय, "मी पडलोच नाही मुळी! मला इथेच यायचं होतं." तुमच्या घरी मांजर असेल तर हा आव तुम्हीही पाहिला असेल. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे म्हणतात, की मांजर गोंधळलं किंवा घाबरलं, की अंग चाटून स्वतःला शांत करतं. आपण नाही का, फळ्यासमोर उभं राहून उत्तर आठवेना, की डोकं खाजवतो? तसंच.

आणखी एक. ढब्बूच्या अगदी नाकासमोर माशाचा तुकडा टाकला, तरी तो इकडेतिकडे शोधत बसतो. आम्ही हसायचो, "काय वेंधळा आहे!" पण त्यात त्याचा काही दोष नाही. तुमच्या कंपासपेटीतली मोठी पट्टी असते ना, 30 सेंटिमीटरची, साधारण तेवढ्या अंतराच्या आतलं मांजराला स्पष्ट दिसतच नाही. लांबची पाल हलली की कळते, नाकाखालचा तुकडा धूसर. तिथे त्याला वास आणि मिशा उपयोगी पडतात. म्हणूनच मांजराच्या मिशा कधीही कापायच्या नाहीत. गंमत म्हणूनसुद्धा नाहीत.

आता तुम्ही विचाराल, "मावशी, पण मांजर पडलं तरी चारी पायांवरच पडतं ना?" बहुतेक वेळा, हो. वरून पाठीवर पडणारं मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर येतं. एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही याचं कोडं पडलं होतं. हवेत रेटा द्यायला काहीच नसताना हे वळतं कसं? कुणी म्हणे, सोडणाऱ्याच्या हाताला ते पायाने ढकलत असणार. मग 1894 साली फ्रान्समधल्या एतियन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची भराभर, एकामागून एक छायाचित्रं काढली. त्यात दिसलं, की मांजर हाताला ढकलत नाही. ते कमरेत वाकतं. आधी पुढचे पाय पोटाशी घेतं, मागचे लांब ठेवतं आणि पुढचं अर्धं अंग वळवतं. मग उलट. पुढचे पाय लांब, मागचे जवळ आणि मागचं अर्धं अंग वळतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम फत्ते!

पाय जवळ घेतल्याने काय होतं, ते घरी करून पाहा. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसा, दोन्ही हात बाजूला पसरा आणि कुणा मोठ्या माणसाला खुर्ची हळूच फिरवायला सांगा. आता हात छातीशी घ्या. फिरण्याचा वेग वाढला की नाही? हा प्रयोग फक्त खुर्चीवर करायचा. मांजर वरून सोडून "बघू कसं वळतं" असलं काही केलंत, तर तुमची माझी कट्टी!

कारण पायांवर पडणं म्हणजे न लागणं नव्हे. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींवरून पडून दवाखान्यात आणलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 साली प्रसिद्ध झाली. त्यांतली दहापैकी नऊ वाचली, हे खरं. पण कुणाच्या छातीला मार, कुणाचा जबडा फुटलेला, कुणाचा पाय मोडलेला. शिवाय जी जागीच गेली, त्यांना दवाखान्यात कोण आणणार? ती त्या आकड्यात नाहीतच. तेव्हा फ्लॅटमध्ये मांजर असेल, तर गॅलरीला जाळी हवीच. हे वाक्य आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

इथवर ढब्बूची गोष्ट झाली. आता दुसरीची.

माझी भाची मुक्ता पाचवीत आहे. दोन गल्ल्या सोडून राहते, पण शाळा सुटली की मुक्काम माझ्याकडे. मुक्ताच्या हातून रोज काहीतरी सांडतं. कधी पाण्याची बाटली, कधी रंगाची वाटी, तर कधी अख्खा डबा. घरात सगळे तिला "धांदरट" म्हणतात. सगळे म्हणजे मीसुद्धा.

गेल्या जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मुसळधार पाऊस. मुक्ता आली ती दप्तराऐवजी पोटाशी भिजलेलं मांजराचं पिल्लू धरून. खाली स्कूटरच्या मागे एकटंच कुडकुडत होतं म्हणे. दीडेक महिन्याचं, काळं-पांढरं. पुसून, कोरडं करून जमिनीवर ठेवलं आणि ते चालायला लागलं. चालायला कसलं! चारी पाय चार दिशांना. डोकं सारखं डुगडुगतंय. तीन पावलं पुढे, एक बाजूला, आणि धपकन खाली. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. इमारतीतली पोरं जमली. कुणी मोबाइलवर चित्रण केलं, कुणी त्याला गाणं जोडलं. सगळे पोट धरधरून हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. नाव तर लगेच ठरलं, डुगडुगी.

रात्री मात्र हसू ओसरलं. डुगडुगीला वाटीतलं खाणंही जमेना. वाटीजवळ तोंड नेलं, की डोकं आणखी जोरात हलायचं आणि नाक वाटीच्या काठावर आपटायचं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "हे काही जगायचं नाही हो. मासळीबाजारात सोडून या, तिथे कुणीतरी घालील चार तुकडे." मुक्ता काही बोलली नाही. नुसती पिल्लाला घट्ट धरून बसली. शेवटी आई म्हणाली, "आधी उद्या डॉक्टरांना दाखवू. मग काय ते ठरवू."

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर नाही, खाली जमिनीवर चालवून पाहिलं. डोळे पाहिले, कान पाहिले, पाय दाबून पाहिले. मग ते मुक्तालाच सांगू लागले. "आपल्या डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. सुईत दोरा ओवताना हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबायचं, तोल कसा सांभाळायचा, हे तो बघतो. हिचा तो भाग नीट वाढलेलाच नाही. पिल्लं पोटात असताना मांजरीला एका विषाणूची लागण झाली, की असं होतं. हिची आई तशीच आजारी पडली असावी."

"दुखतं का हिला?" मुक्ताने विचारलं.

"नाही. आणि हे वाढतही नाही. मात्र बरंही होत नाही. अशीच डुलत डुलत राहील. पण काळजी घेतली, तर इतर मांजरांइतकी जगेल."

मुक्ताने थोडा विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे ती मुद्दाम नाही ना पडत?"

"छे गं! ती तर न पडण्याचा प्रयत्न करतेय. सगळ्या मांजरांपेक्षा जास्त."

मुक्ताने वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा गाईम्हशींचा तक्ता वाचायला लागले. दोस्तांनो, ढब्बू पडल्यावर पंजा का चाटतो, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मासळीबाजाराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. घरी आल्यावर आम्ही कामाला लागलो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून सतरंज्या आणि जुनी पायपुसणी अंथरली. हलकी वाटी जाऊन जड, पसरट ताटली आली आणि ती विटेवर ठेवली, म्हणजे मान फार वाकवायला नको. वाळूसाठी कमी काठाचा ट्रे आणला. टेबलांच्या कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळल्या. आमचं घर एखाद्या व्यायामशाळेसारखं दिसायला लागलं. पाहुणे विचारायचे, "रंगकाम काढलंय का?"

आणि डुगडुगी शिकली. पाय फाकवून उभं राहायचं, भिंतीला अंग घासत चालायचं, वळायच्या आधी थांबायचं. हे तिला कुणी शिकवलं नाही. ती दिवसातून पन्नासदा पडते, पण ढब्बूसारखा आव आणत नाही. तिला त्याला वेळच नसतो. पडली, उठली, चालली पुढे.

सप्टेंबरमधली एक संध्याकाळ. ढब्बू दिवाणावर ऐसपैस पसरला होता. डुगडुगी खाली उभी राहून वर बघत होती. मग तिने लोंबणाऱ्या चादरीत नखं रोवली. एक पंजा वर, मग दुसरा. मध्येच लोंबकळली. मी उचलायला धावले, तर मुक्ता म्हणाली, "थांब ना मावशी, करतेय ती." अर्ध्या वाटेवर ती दमून थांबली, पुन्हा चढली, काठावर आली, डुलली आणि थेट ढब्बूच्या पोटावर कोसळली. ढब्बू दचकून उठला. आता पंजा मारणार, असं वाटलं. पण त्याने तिचा कान हुंगला आणि चाटायला लागला. थोड्या वेळात ती झोपलीही. आणि एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. झोपली, की डुगडुगीचं डोकं अजिबात हलत नाही. कुणी नव्याने पाहिलं, तर त्याला ती अगदी चारचौघींसारखी मांजर वाटेल.

आम्ही अजूनही तिला हसतो. परवा ती ताटलीकडे निघाली आणि बुटांच्या कपाटात पोचली, तेव्हा कसं नाही हसणार? पण हसून झालं, की कुणीतरी उठून सतरंजीची सुरकुती सरळ करतं. "धांदरट" हा शब्द मात्र घरात बंद झालाय. मुक्ताच्या हातून पाणी अजून सांडतं. ती फडकं आणते, पुसते आणि म्हणते, "सांडलं, पुसलं, चालले पुढे."

आता तुमचं काम. घरातलं, गल्लीतलं, शाळेच्या मागचं, कुठलंही एक मांजर निवडा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. हात लावायचा नाही, हुसकायचं नाही. ते कुठे चुकतं, चुकल्यावर काय करतं, ते वहीत लिहा. एक मात्र ध्यानात ठेवा. नीट चालणारं मांजर एकाएकी झोकांड्या खायला लागलं, तर ती गंमत नव्हे. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यायचं. घरात मांजर पाळणार असाल, तर लस कधी द्यायची तेही डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्या ढब्बूंच्या आणि डुगडुग्यांच्या गमती पत्रातून कळवा. वाट पाहतेय. चला, पळते आता! स्वयंपाकघरातून धप्पकन आवाज आलाय. कोण पडलंय ते बघायला हवं. म्हणजे, पडलंच नसणार मुळी!

तुमची,
मावशी