पडद्यामागच्या सेवा कोणाच्या?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नियमित देखभाल थांबविली. दहा वर्षे चाललेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही. मात्र तिच्यात पुढे सापडणारी छिद्रे बुजविण्याची जबाबदारी कंपनीने अंगावेगळी केली. परिणामी कामगार संघटनांच्या कचेऱ्या, पतसंस्था, वाचनालये, छोटी मुद्रणालये अशा ठिकाणी, जेथे संगणक वर्गणीच्या पैशातून घेतला जातो आणि मोडेपर्यंत वापरला जातो, तेथे नवी यंत्रे व त्यांच्याबरोबर विंडोज ११ येऊ लागली. जुन्यांपैकी कित्येक यंत्रे धडधाकट असूनही नव्या प्रणालीला चालत नाहीत, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. हा अपव्यय स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे विचार करावयाचा तो नवे यंत्र टेबलावर आल्यानंतर पहिल्याच दिवशी उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाचा. या प्रणालीत पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या सेवांपैकी कोणत्या बंद कराव्यात?

प्रश्न तांत्रिक वाटतो आणि त्यावर दोन तयार उत्तरे मिळतात. कचेरीतला उत्साही तरुण म्हणतो, जे जे बंद करता येईल ते ते बंद करा, यंत्र वेगाने चालेल. दुकानदार म्हणतो, कशालाही हात लावू नका, बनविणाऱ्याला सगळे कळते. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्यात एक उणीव समान आहे. सेवा कोणाची चाकरी करते, हे दोघेही विचारीत नाहीत.

यंत्रातील ‘सर्व्हिसेस’ची यादी उघडली तर शंभराहून अधिक नावे दिसतात. एक छपाईची कामे रांगेत लावते, एक ध्वनी सांभाळते, एक फाइलींची सूची तयार ठेवते म्हणजे शोध लवकर लागावा, एक सुरक्षेची दुरुस्ती आणून बसविते. काही सेवा यंत्र सुरू होताच जाग्या होतात, काही गरज पडल्यावरच उठतात. वापरणाऱ्याला त्यातली एकही डोळ्यांना दिसत नाही. जुन्या वाड्यात रात्री कंदील घेऊन फिरणारा जागल्या असे आणि सावकाराने बसविलेला, धान्याच्या पोत्यांची नोंद ठेवणारा गुमास्ताही असे. दोघेही वाड्यातच वावरत आणि दोघेही निमूटपणे काम करीत. पण जागल्याला हाकलणे आणि गुमास्त्याला हाकलणे या एकाच गोष्टी नव्हेत.

सरसकट बंद करण्याच्या सल्ल्याला एके काळी आधार होता. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा तिला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरे, अशी अट होती. इतक्या तुटपुंज्या स्मृतीत प्रत्येक निष्क्रिय सेवा खरोखरच जागा अडवीत असे आणि ती काढल्याचा लाभ जाणवत असे. आजच्या यंत्रात स्वस्थ बसलेली सेवा प्रोसेसरचा वेळ जवळजवळ घेतच नाही, आणि जी गरजेपुरतीच उठते ती बंद करून काहीच वाचत नाही. सल्ला मात्र परिस्थिती बदलली तरी टिकून राहिला. त्याची किंमत केव्हा मोजावी लागते हे मे २०१७ मध्ये दिसले. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने त्या महिन्यात जगभरची यंत्रे ओलीस धरली. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८० ट्रस्टच्या कामात व्यत्यय आला, आणि रद्द झालेल्या रुग्णभेटींचा अंदाज १९,००० च्या घरात गेला, असे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये नोंदविले. ज्यांनी अपडेटची सेवा कंटाळून बंद केली, किंवा ज्यांच्या संस्थेने ती पुढे ढकलली, त्यांनी जागल्यालाच रजा दिली होती.

तथापि याच घटनेची दुसरी बाजू दुकानदाराच्या उत्तराला खोटे ठरविते. वॉनाक्राय ज्या वाटेने एका यंत्रातून दुसऱ्यात गेला ती एसएमबी-१ ही फाइल-वाटपाची अत्यंत जुनी पद्धत होती. बहुसंख्य घरांना आणि कचेऱ्यांना तिची गरज उरली नव्हती. तरी ती कारखान्यातूनच चालू स्थितीत येत असे. पुढे कंपनीने नव्या आवृत्त्यांतून ती स्वतःच वगळली. असे पूर्वीही घडले होते. एक्सपीमध्ये ‘मेसेंजर’ नावाची एक सेवा होती. जाळ्यावरील व्यवस्थापकाने कर्मचाऱ्यांना सूचना पाठवाव्यात, एवढाच तिचा हेतू. घरगुती यंत्रांवरही ती चालू ठेवल्यामुळे जाहिरातबाजांनी तिचा उपयोग पडद्यावर नको ते फलक झळकविण्यासाठी केला, आणि ओरड झाल्यानंतर २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ती बंद ठेवण्यात आली. २०२१ च्या उन्हाळ्यात छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलर सेवेत गंभीर छिद्र सापडले तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत ती सेवाच बंद करा, असा एक तात्पुरता उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितला. तेव्हा बनविणारा ठेवील ते योग्यच असते, हे बनविणाराही मानीत नाही.

येथवरचा भाग सावधगिरीचा झाला. खरा वाद गुमास्त्याविषयी आहे. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर मोफत देऊ केली होती, आणि तिच्याबरोबर यंत्राच्या वापराची माहिती कंपनीकडे पाठविणारी व्यवस्था चालू स्थितीत आली. तिचे नाव सेवांच्या यादीत ‘कनेक्टेड युजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ असे आहे. सावकाराने गुमास्त्याला ‘कुटुंबकल्याण सहायक’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये कंपनीला रीतसर नोटीस देऊन ही वसुली गरजेपेक्षा जास्त असल्याचे बजावले. वर्षभराने, जून २०१७ मध्ये, आयोगाने प्रकरण मिटविले, कारण सर्वांत खालच्या पातळीवर गोळा होणारी माहिती कंपनीने जवळजवळ निम्म्यावर आणली होती. या तडजोडीत एक कबुली दडलेली आहे. जी माहिती ‘आवश्यक’ म्हणून घेतली जात होती तिच्यातील निम्मी न घेताही प्रणाली चालत राहिली.

कंपनीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोट्यवधी निरनिराळ्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रणालीत कोठे बिघाड होतो हे कळल्यावाचून दुरुस्ती करता येत नाही. शिवाय ‘आवश्यक’ पातळीवर कोणी कार्यकर्त्याने लिहिलेले पत्रक उचलून नेले जाते, अशी भीती पसरविणे चूक आहे. पण ‘ऐच्छिक’ पातळीचे तसे नाही. प्रोग्राम कोसळतो तेव्हा पाठविल्या जाणाऱ्या स्मृतीच्या नोंदीत, त्या वेळी उघड्या असलेल्या फाइलीचा तुकडा अनवधानाने जाऊ शकतो, असे कंपनीचीच माहितीपत्रके सांगतात. संपाच्या आदल्या रात्री सभासदांची यादी उघडून बसलेल्या कचेरीने हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निदानाची ही माहिती पाठविणे पूर्णपणे थांबविण्याची अधिकृत सोय विंडोज ११ मध्ये आहे. पण ती एंटरप्राइज, शिक्षणसंस्थांची आणि सर्व्हरची, अशा आवृत्त्यांतच. घरगुती ‘होम’ आवृत्ती घेणाऱ्याला ‘आवश्यक’ माहिती द्यावीच लागते. बँक, विमा कंपनी, मोठा कारखाना यांना ‘काहीही पाठवू नये’ असे ठरविता येते. शिंप्याला, शिक्षिकेला, तालुक्याच्या कचेरीतल्या चिटणीसाला येत नाही. सोय तांत्रिकदृष्ट्या अशक्य असती तर ती कोणालाच मिळाली नसती. ती घाऊक खरेदीदाराला मिळते आणि किरकोळ ग्राहकाला नाकारली जाते, याचा अर्थ खाजगीपणालाही बाजारभाव लावला गेला आहे. अर्थशास्त्रात याला भावातील भेदनीती म्हणतात. फरक इतकाच की येथे किंमत पैशात दाखविली जात नाही.

जाणकार मनुष्य सेवांच्या यादीत जाऊन टेलिमेट्री बंद करू शकतो, हे खरे. पण मोठे अपडेट आल्यावर ती पुन्हा चालू झाली का, हे त्यालाच बघत राहावे लागते. आणि जो जाणकार नाही त्याच्या माथी कारखान्यातली मूळ मांडणी कायम राहते. मूळ मांडणी ही म्हणूनच क्षुल्लक बाब नाही. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ नावाची, दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून साठविणारी सोय जाहीर केली. ही चित्रे यंत्रातच राहणार असली तरी टीकेचा भडिमार झाला, आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीला जाहीर करावे लागले की ती वापरणाऱ्याने मागितल्याखेरीज चालू होणार नाही. एकेकट्याने घरी बटणे दाबून हा बदल घडला नसता.

लिनक्सकडे वळणे हा सुज्ञ मार्ग आहे, पण तेथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. उबुंटूने २०१२ मध्ये, वापरणारा स्वतःच्या यंत्रात जे शोधी त्याचे शब्द ॲमेझॉनवरील वस्तू दाखविण्यासाठी बाहेर पाठविण्यास प्रारंभ केला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटले. २०१६ च्या आवृत्तीपासून ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. मुक्त प्रणालीत पाप होत नाही असे नाही. तेथे ते झाकता येणे कठीण असते.

मग कचेरीतल्या नव्या यंत्राचे काय करावे? विंडोज अपडेट, डिफेंडर आणि फायरवॉल यांना हात लावू नये. ऐच्छिक निदान-माहिती सेटिंग्जमधून बंद करावी. त्यासाठी सेवांच्या यादीत शिरण्याचे कारण नाही. आपले अपडेट दुसऱ्यांच्या यंत्रांना पुरविण्याची डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची सोय तपासावी; इंटरनेटचे बिल कचेरी भरते, कंपनी नव्हे. छपाईयंत्र नसेल तर प्रिंट स्पूलर बंद ठेवण्यास हरकत नाही. बाकीच्या सेवांपैकी जिचे काम समजले नाही ती तशीच राहू द्यावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो, सेवेच्या मूळ स्थितीसह, साध्या वहीत लिहून ठेवावा. बदल करणारा कार्यकर्ता नोकरीनिमित्त परगावी गेला की यंत्रात काय केले होते हे कोणालाच सांगता येत नाही, हा अनुभव नवा नाही.

यापुढचे काम मात्र एका यंत्रावर होणारे नाही. विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती आणखी एक वर्ष हवी असल्यास मायक्रोसॉफ्टने पैसे, बक्षीस-गुण किंवा आपल्या सेटिंग्जची प्रत कंपनीच्या क्लाउडवर ठेवणे, असे पर्याय पुढे केले होते. युरोपातील ग्राहक संघटनांनी हरकत घेताच, सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरत्या या अटी मागे घेतल्या गेल्या. भारतातील ग्राहकासाठी घेतल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मुक्त, विशिष्ट व बिनशर्त असावी असे म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या ठरल्या. यंत्राच्या क्रमांकाला जोडलेली माहिती वैयक्तिक मानावी की नाही, यावर वकील वाद घालतील. तोवर एक गोष्ट कायद्याची वाट न पाहता करता येते. शाळांसाठी संगणक सार्वजनिक पैशातून घेतले जातात, आणि माहिती पाठविणे बंद करण्याची सोय शिक्षणसंस्थांच्या आवृत्तीत आहे. आपल्या तालुक्यातील शाळांच्या यंत्रांवर कोणती आवृत्ती बसविली आणि ही सोय वापरली का, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जात विचारता येते.