हाउसची हौस

मराठी माणसाचा फणसावर फार विश्वास आहे. खाण्यापुरता असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण माणसं पारखायलाही आपण फणसच वापरतो. कोणी मास्तर पोरांना बडव बडव बडवतात, कोणी सासरे भरल्या पानावरून उठून जातात, कोणी डॉक्टर रोग्याच्या अंगावर खेकसतो, की आपण लगेच म्हणायला मोकळे, "वरून काटेरी, पण आत गरे हो गरे!" आता फोडल्यावर आत नुसता चीकच निघाला तर हाताला लावायला तेल कुणी द्यायचं, हे कोणी विचारीत नाही.

या फणसपंथाचं एक दैवत परदेशी आहे. डॉक्टर ग्रेगरी हाउस, राहणार न्यू जर्सी, अमेरिका. अर्थात हा माणूस कधी जन्माला आला नाही आणि त्याचं इस्पितळही कधी बांधलं गेलं नाही. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र तो 2004 च्या नोव्हेंबरापासून 2012 च्या मेपर्यंत 177 भाग लंगडत होता. काम करणारा ह्यू लॉरी हा मूळचा इंग्लंडमधला विनोदी नट; तो ते इतकं झकास करतो की त्याचा राग यायला मला फार कष्ट पडले. मालिका संपून वर्षं लोटली, पण आमच्या घरात ती संपलेली नाही. माझी भाची वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासाची पुस्तकं उघडण्यापूर्वी ती हाउसचा एक भाग लावते, जशी आमची आजी पोथीपूर्वी उदबत्ती लावीत असे. "मामा, तो दाखवत नाही, पण त्याला पेशंटची खूप काळजी असते," असं तिचं म्हणणं. आमची ही सुद्धा तिच्याच बाजूला. हिला मुळात तिरसट माणसांबद्दल सहानुभूती आहे. त्याचं कारण शोधण्यात मी वेळ घालवीत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. हाउसला रोग्याची काळजी नाही. त्याला हौस आहे, आणि हौस आणि काळजी या सख्ख्या सोडा, चुलत बहिणीसुद्धा नव्हेत.

शब्दकोडं सोडवणारा माणूस पाहा. शेवटचा चौकोन भरेपर्यंत त्याला चहा गार झालेला कळत नाही. चौकोन भरला की त्याच वर्तमानपत्रावर तो शेंगांची टरफलं टाकतो. त्याचं वर्तमानपत्रावर प्रेम होतं असं कोणी म्हणेल काय? हाउसचंही तसंच. ज्याचा आजार कुणालाच उमगत नाही, त्याच्यासाठी तो रात्र रात्र जागेल. पण त्याच इस्पितळात खाली बाह्यरुग्ण विभागात सर्दीपडशाचे लोक बसलेले असतात, आणि तिथली पाळी चुकवण्यासाठी हा गृहस्थ ज्या युक्त्या करतो, त्या आमच्या कचेरीतल्या मुरलेल्या कारकुनालासुद्धा सुचणार नाहीत. अहो, ज्याला माणसाची कणव आहे, त्याला सर्दी झालेला माणूस हा माणूसच वाटायला नको का?

यावर भाची ठेवणीतली उदाहरणं बाहेर काढते. पहिल्याच हंगामात एक वादक आहे. आपल्याला कृत्रिम उपायांनी जगवू नये, असं त्याने लिहून दिलेलं. हाउस तो कागद झुगारून त्याला जगवतो, त्यापायी कोर्टाची पायरी चढतो, आणि शेवटी तो वादक आपल्या पायांनी चालत घरी जातो! आता सांगा!

सांगतो. तो चालत गेला, कारण लेखकाने त्याला चालवला. तीच पटकथा उलटी लिहिली असती, तर तो माणूस महिनोन्महिने नळ्या लावून पडला असता आणि त्याच्या सहीच्या कागदाला कुणी केराची टोपली दाखवली ते आपण विचारलं असतं. या मालिकेच्या बहुतेक भागांत पहिलं निदान चुकतं, त्या औषधाने रोगी आणखी बिघडतो, दुसरंही चुकतं, आणि पाऊण तास भरत आला की भलत्याच गप्पांत हाउसच्या डोक्यात दिवा लागतो. घड्याळ बघून लागणारा दिवा खऱ्या इस्पितळात नसतो. तिथे चौथ्या निदानापर्यंत थांबायला सगळ्या रोग्यांना सवड नसते.

"पण त्याचा पाय!" ही म्हणते. कबूल. मांडीची रक्तवाहिनी बंद पडली, स्नायू मेला, जन्माचं दुखणं मागे लागलं, त्यापायी वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन जडलं. वाईट वाटतं. पण दुखणाऱ्याने दुखवावं असा नियम केला, तर संधिवात झालेल्या तमाम म्हाताऱ्यांना काठ्या परजीत रस्त्यावर यावं लागेल. बरं, हा गृहस्थ काठीसुद्धा दुखऱ्या पायाच्याच हातात धरतो! ती दुसऱ्या हातात धरायची असते, हे आमच्या बागेतल्या कट्ट्यावरच्या कुठल्याही आजोबांनी सांगितलं असतं. पण ऐकतो कोण?

हुकमाचा एक्का म्हणजे विल्सन. हा त्याचा एकुलता एक मित्र, कर्करोगाचा डॉक्टर, आणि त्यालाच शेवटी कर्करोग. उरलेले 5 महिने त्याच्याबरोबर घालवता यावेत म्हणून हाउस स्वतःच्या मरणाचं सोंग आणतो, नाव-गाव-धंदा सगळ्यावर पाणी सोडतो. डोळ्यांत पाणी येतं, नाही म्हणत नाही. पण सोंग का आणावं लागलं? मित्राचे दिवस भरत आलेले असताना याने असा एक उपद्व्याप केला, की इस्पितळात पाणी शिरून यंत्राची नासाडी झाली आणि याला पुन्हा तुरुंगात जायची वेळ आली. त्याच्याआधी, उपचार नको म्हणतो म्हणून त्याच मरणाऱ्या मित्राला याने कमी छळलं नव्हतं. आपल्या एका माणसासाठी जीव टाकणं हे मोठंच. पण ते तर पुष्कळ आपमतलबी माणसांनाही जमतं. डॉक्टरकडून आपण मागतो ती परक्याची काळजी.

इथवर आमचं भांडण मजेचं असतं. पण हाउसचं एक तत्त्व आहे, तिथे माझी मजा संपते. सगळेच रोगी खोटं बोलतात, तेव्हा त्यांचं ऐकूच नका, असं तो मानतो. खोटं बोलतात, मान्य. पण का बोलतात?

माझ्या आईला मधुमेह होता. एका मोठ्या डॉक्टरांकडे तिला नेलं. आमच्या आधीच्या बाईंना ते इतकं फाडफाड बोलले की दाराबाहेर ऐकू येत होतं. आईला त्यांनी कागदावरची नजर न काढता विचारलं, "गोळ्या नियमित घेता?" आई म्हणाली, "हो." ती अर्धीच गोळी घेत होती, पूर्ण घेतली की तिला गरगरायचं. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. आईने घाबरून तो मुकाट्याने पुरा घेतला, आणि तिसऱ्या दिवशी देवघरासमोर घामाने निथळून खाली बसली. गोळीभर साखरेच्या पाण्यावर निभावलं. अर्ध्या गोळीची गोष्ट तिने आधी एकालाच सांगितली होती, आमच्या जुन्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला. कारण तो "काय आजी, झोप लागते का?" असं विचारीत असे.

खेकसणारा डॉक्टर स्वतःच खोटं पैदा करतो आणि मग तेच पुरावा म्हणून दाखवतो.

गंमत अशी की ही मालिका ज्यांच्यावरून सुचली, त्यांचा रस्ता नेमका उलटा. लिसा सँडर्स या डॉक्टरीणबाई 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिक पुरवणीत निदानाच्या कथा लिहीत. त्यावरून ही कल्पना निघाली, आणि बाई मालिकेच्या सल्लागारही झाल्या. त्यांनी 2009 मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच मुळी 'प्रत्येक रोगी एक गोष्ट सांगतो' अशा अर्थाचं आहे. हाउसचा दुसरा पूर्वज शेरलॉक होम्स, आणि होम्सचा नमुना म्हणजे एडिंबरोचे डॉक्टर जोसेफ बेल. बेल समोरच्या रोग्याकडे टक लावून बघत. हाउस बघतो फळ्याकडे.

मार्बुर्गची गोष्ट भाची शेवटी काढते, तीही खरी आहे. जर्मनीतल्या त्या गावी एका रोग्याचं हृदय का खचतंय ते कळेना. तिथले एक प्राध्यापक हाउसचे भाग विद्यार्थ्यांना दाखवून शिकवीत. त्यांना एक भाग आठवला, आणि खुब्याच्या धातूच्या सांध्यातून कोबाल्टचं विष रक्तात उतरतंय हे सापडलं. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. मालिकेचे उपकार मानलेच पाहिजेत. पण हे निदान करायला त्या रोग्याचा अपमान करावा लागला, असं 'लॅन्सेट'मध्ये कुठे लिहिलेलं नाही. विद्या घेता येते, काटे घ्यावे लागत नाहीत.

भाची पुढच्या वर्षी रोगी तपासायला लागेल, म्हणून हा सगळा आटापिटा. तिला मी एकच सांगून ठेवलं आहे. मला काही अगम्य रोग झालाच, तर खुशाल हाउसला बोलव. त्याला लांबच्या खोलीत फळा आणि खडू दे, तोही खूष होईल. माझ्या खाटेशी मात्र तू बस, आणि मी गोळ्या नियमित घेतो असं म्हटलं, तर न रागावता पुन्हा एकदा विचार.