दुसरी बॅटरी स्पेअर नसते

लष्करी ट्रकच्या चॅसीला बाजूने एक पत्र्याची पेटी असते. झाकण उघडलं की आत शेजारी शेजारी दोन बॅटऱ्या दिसतात. युनिट बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी, आणि खरं सांगायचं तर नव्याने आलेल्या लेफ्टनंटांपैकीही, निम्म्यांना वाटतं की एक वापरायची आणि दुसरी अडीअडचणीसाठी. डिकीतल्या स्टेपनीसारखी.

तसं नसतं. स्टॅलियनसारख्या ट्रकची सगळी वायरिंग २४ व्होल्टची. बाजारात मिळणारी बॅटरी १२ व्होल्टची. म्हणून दोन बॅटऱ्या एकीमागे एक, सिरीजमध्ये जोडतात. मोठं डिझेल इंजिन फिरवायला जी ताकद लागते ती २४ व्होल्टवर निम्म्या करंटमध्ये मिळते, केबल कमी तापते, स्टार्टर नीट फिरतो. पण सिरीजची अट कडक आहे. दोघींतून तोच करंट जातो. एक थकलेली असेल तर दुसरी कितीही तगडी असली तरी उपयोग नाही. बैलजोडीसारखंच. एक बैल बसला की गाडी थांबते, दुसऱ्याच्या खुराकाचा हिशोब कोणी विचारत नाही.

हे लिहायचं कारण असं की, वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत वाळवंटात, ईशान्येच्या पावसात आणि लडाखच्या थंडीत मी जितक्या गाड्या जागेवर उभ्या राहिलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच इंजिन बिघडलं म्हणून नव्हे, तर बॅटरीमुळे उभ्या होत्या. आणि बॅटरीची काळजी म्हणून आपण जे करतो त्यातलं बरंचसं काळजीचं नाटक आहे, असं माझं मत होत चाललंय.

सगळ्यात मोठं नाटक म्हणजे सकाळी पाच मिनिटं गाडी चालू करणं. फर्स्ट परेडला सगळे ड्रायव्हर सेल्फ मारतात, एमटी लाइनभर निळा धूर, पाच मिनिटं घरघर, मग बंद. 'सब गाडी स्टार्ट, साब. ओके रिपोर्ट.' ऐकायला फार छान वाटतं. आता हिशोब मांडा. थंडीत गारठलेलं डिझेल इंजिन उचलायला समजा ३०० अँपिअर लागले आणि दहा-दहा सेकंदांचे तीन सेल्फ मारावे लागले. म्हणजे अर्धा मिनिट गुणिले ३००, बॅटरीतून १५० अँपिअर-मिनिटं गेली. इंजिन आयडलवर, अल्टरनेटर जेमतेम फिरतोय, आणि मुख्य म्हणजे बर्फासारखी थंड बॅटरी चार्ज घेतच नाही. चार-पाच अँपिअर घेतले तर नशीब. पाच मिनिटांत आले पंचवीस. खात्यातून दीडशे काढले, पंचवीस भरले, आणि पासबुकवर सही केली 'ओके'. असं महिनाभर चालवा. मग एके दिवशी सेल्फ मारला की नुसतं 'टक' होतं, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. काल तर चालू झाली होती! काल झाली होती म्हणूनच आज होत नाहीये.

गाडी चालू करायची तर ती लोड घेऊन अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवा. तेवढं डिझेल नसेल, रस्ता बंद असेल, तर निदान उगाच सेल्फ मारू नका. कट-ऑफ स्विच बंद करा, बॅटरी खोलीत नेऊन चार्जरवर लावा.

चांग लाच्या पलीकडे आमची पलटण होती तेव्हा मी कॅप्टन होतो आणि एमटी ऑफिसर. तिथला एमटी हवालदार सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्याकडचा. शिक्षण दहावीपर्यंत. त्याच्याकडे एक दोनशेपानी वही होती आणि खिशात रुमालात गुंडाळलेला काचेचा हायड्रोमीटर. हायड्रोमीटर हे काही अवघड यंत्र नाही. रबरी फुग्याने सेलमधलं ॲसिड वर ओढायचं आणि आतला तरंगणारा गोळा कुठपर्यंत बुडतो ते वाचायचं. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२८० च्या आसपास, मेकॅनिकच्या भाषेत 'बाराशे ऐंशी'. उतरलेल्या बॅटरीची साडेअकराशे किंवा त्याहून खाली. ॲसिडमधलं गंधकाम्ल प्लेटांमध्ये शिरतं, मागे पाणी उरतं. आणि पाणी गोठतं, ही लडाखमधली मुख्य भानगड. बाराशे ऐंशीचं ॲसिड उणे साठलाही गोठत नाही. साडेअकराशेचं उणे पंधराच्या आसपास गोठतं. म्हणजे चार्ज असलेल्या बॅटरीला थंडीची भीती नाही, उतरलेली बॅटरी मात्र एका रात्रीत आतून फुटते. सकाळी कडेला केसासारखी रेघ दिसते, आणि दुपारी ऊन आलं की तिच्यातून ॲसिड पाझरतं.

ह्या गृहस्थाने मला एक गोष्ट दाखवली जी आमच्या कुठल्याही कोर्समध्ये कोणी ठासून सांगितली नव्हती. थंडीत हायड्रोमीटर खोटं बोलतो, आणि तेही गोड खोटं. आपल्याकडे रीडिंग २७ अंशांचं धरून मोजतात. ॲसिड थंड झालं की घट्ट होतं आणि रीडिंग चढं दिसतं, दर दहा अंशांना साधारण सात पॉइंट. उणे वीसला हायड्रोमीटर बाराशे तीस दाखवत असेल तर खरी ग्रॅव्हिटी बाराशेच्याही किंचित खाली असते. कागदावर ठीक, प्रत्यक्षात जेमतेम अर्धी. त्याच्या वहीत म्हणून दोन रकाने होते, 'दिसतं ते' आणि 'आहे ते'. हे शब्द त्याचेच.

त्याची दुसरी शिस्त पाण्याची. डिस्टिल्ड वॉटर संध्याकाळी कधीच घालायचं नाही. पाणी हलकं, ते ॲसिडवर तरंगत राहतं आणि रात्री वरच्यावर गोठतं. गाडी निघायच्या आधी किंवा चार्जिंगला लावताना घालायचं, म्हणजे मिसळतं. एका ड्रायव्हरने सांगूनही संध्याकाळी पाणी घातलं होतं. हवालदाराने त्याला काही बोललं नाही. सकाळी झाकण उघडून आतला बर्फ फक्त दाखवला.

आणि वहीचा खरा उपयोग म्हणजे लग्नं जुळवणे. हा त्याचा शब्दप्रयोग, एमटी लाइनमध्ये सगळे तोच वापरायचे. जोडीतली एक बॅटरी मेली की सरळसोट माणूस काय करतो? एक नवीन आणतो, जुनीच्या शेजारी बसवतो. हिशोबाला बरोबर, बॅटरीला चूक. अल्टरनेटर २८ व्होल्ट देतो, त्यातले प्रत्येकीला चौदा मिळावेत ही अपेक्षा. पण जोडी विजोड असली की वाटणी बिघडते. भरलेली बॅटरी पंधराच्या वर जाते, उकळते, पाणी उडवते. उपाशी बॅटरीला तेराही मिळत नाहीत, तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो. काही महिन्यांत दोन्ही भंगारात. हवालदार मागे उरलेल्या जुन्या बॅटरीला 'विधुर' म्हणायचा आणि तिला दुसऱ्या गाडीतल्या तितक्याच वयाच्या विधुराशी जोडायचा. आधी वहीतली पत्रिका बघून. वय, ग्रॅव्हिटी, कुठल्या उन्हाळ्यात किती भाजली. नव्या बॅटऱ्या नव्यांशीच. पैसा वाया जात नाही आणि जोडीही टिकते. दोन नव्या एकदम मागितल्या की कोणीतरी विचारणारच, 'साब, एक ही तो ख़राब है?' त्याला ही वही दाखवायची.

जोडी बिघडवणारा आणखी एक उद्योग जवळपास प्रत्येक युनिटमध्ये सापडतो. मोबाइल चार्जर, टेप, छोटा दिवा हे सगळं १२ व्होल्टचं. ड्रायव्हर कल्पक असतो. तो एका बॅटरीवरून वायर काढतो. गाणी वाजतात, गाडी चालते, काही बिघडलेलं दिसत नाही. पण रोज एकच बॅटरी रिकामी होते आणि भरताना मात्र दोघींना एकाच मापाने वाढलं जातं. गाणी ऐकू नयेत असं माझं म्हणणं नाही. दोन-दोन दिवसांचा चढाचा रस्ता असतो. पण २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखं घेतो. तो सरकारी खर्चाने द्या आणि मग वायर काढणाऱ्याला रागवा. आपण नुसतं रागवतो.

त्या हिवाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास वरच्या पोस्टवरून निरोप आला. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता, खोकल्यातून गुलाबी फेस. आमच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं की फुप्फुसात पाणी भरतंय, ऑक्सिजन लावलाय, पण खाली आणल्याशिवाय इलाज नाही. रात्री त्या भागात हेलिकॉप्टर येणार नव्हतं. बाहेर उणे वीसच्या खाली. तशा थंडीत चांगली बॅटरीदेखील आपली निम्मी ताकदसुद्धा देऊ शकत नाही, आणि गोठलेल्या ऑइलमुळे इंजिनाला नेमकी त्याच वेळी जास्त ताकद हवी असते. जिप्सी आणून केबल लावावी तर ती १२ व्होल्टची. जुने ड्रायव्हर अशा वेळी चेंबरखाली डिझेलच्या बोळ्याची आग करतात. त्यात गाडी गेलेलीही मी ऐकली आहे, आणि वेळ तर जातोच.

हवालदाराने त्यातलं काही केलं नाही. रोज संध्याकाळी एक वहीतली उत्तम जोडी काढून तो ड्रायव्हरांच्या झोपायच्या खोलीत आणून ठेवायचा. चाळीस-चाळीस किलोचं धूड, दोघांनी उचलायचं. चार्जिंगची खोली वेगळी, तिथे बुखारी कधीच नाही, कारण चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि एका ठिणगीचं काम असतं. चार्ज झालेली, शांत बसलेली जोडी मात्र माणसांसोबत उबेत. त्या रात्री दोघांनी ती जोडी पेटीत बसवली, टर्मिनल आवळले, आणि ॲम्ब्युलन्स दुसऱ्या सेल्फला उठली. निरोप आल्यापासून वीस मिनिटांच्या आत गाडी रस्त्याला लागली. जवान वाचला, पुढे पलटणीत परतलाही.

दोन महिन्यांनी इन्स्पेक्शन झालं. एमटीबद्दल एकच शेरा होता, दोन गाड्यांच्या बॅटरी बॉक्सचा रंग उडालेला आहे.

शेरा लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. डोळ्यांना दिसतं ते माणूस तपासतो. काळे केलेले टायर, रंगवलेले नट, चुन्याची सरळ रेघ. ग्रॅव्हिटी दिसत नाही. खडकवासल्याला आमची सायकल तपासायचे तेव्हा चकाकी नंतर बघायचे, आधी सीनियर ती चालवून बघायचे. चेन पडली तर सायकल खांद्यावर घेऊन पळायला लावत. क्रूर होतं, पण तपासणी खरी होती.

म्हणून माझं म्हणणं असं, की इन्स्पेक्शनला येणाऱ्याने हायड्रोमीटर मागावा. कोणत्याही तीन गाड्या स्वतः निवडाव्यात, सहाही बॅटऱ्यांचे सगळे सेल मोजायला लावावेत आणि ते आकडे वहीशी ताडून बघावेत. एका बॅटरीच्या सेलांमध्ये पन्नास पॉइंटचा फरक असेल तर ती बॅटरी संपलेली आहे, वर कितीही व्हॅसलीन चोपडलं असो. ह्याला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कळतं की इथे कोणी ट्रक सांभाळतंय की फक्त पुसतंय.

तरुण अधिकारी मला सांगतात, 'सर, आता मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्या येतात, हा प्रश्नच उरला नाही.' त्यांचं अर्धं बरोबर. त्या बॅटरीत पाणी घालावं लागत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ. ती उतरते, गोठते, विजोड होते, सगळं तसंच. उलट झाकण बंद असल्यामुळे हायड्रोमीटर घालता येत नाही. मग मल्टीमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, प्रत्येक बॅटरी वेगवेगळी मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. दोन्ही मिळून २४.८ आले म्हणून खूश होऊ नका. ते १२.४ आणि १२.४ असतील तर ठीक, १२.७ आणि १२.१ असतील तर लग्न मोडलंय.

आणखी एक. लडाखमध्ये मेलेली बॅटरी अनेकदा उन्हाळ्यात मारलेली असते. राजस्थानात पोखरणच्या बाजूला मे महिन्यात बॉनेटला हात लावता येत नाही, तेव्हा पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि घाईत कोणीतरी जेरीकॅनमधलं खारं पाणी ओततं. बॅटरी तक्रार करत नाही, उन्हात गरम इंजिन सहज उठतं. तक्रार डिसेंबरात येते, आणि बोलणी त्या वेळच्या ड्रायव्हरला बसतात. वहीत मे महिन्याचं पान असेल तर तो सुटतो.

हवालदार सुभेदार होऊन निवृत्त झाला. जाताना वही पुढच्या माणसाला दिली, हायड्रोमीटर मात्र स्वतःचा होता, तो घेऊन गेला. गावी ट्रॅक्टर आहे म्हणाला. नव्या माणसाने दुसऱ्याच आठवड्यात माझ्या पुढच्या अधिकाऱ्याकडे हायड्रोमीटरची मागणी केली, आणि पहिला प्रश्न आला, 'पहिले कैसे चलता था?'